तिळाएवढा त्रिकोण

आमच्या बेलडोहात बिननावाची जागा नव्हती. खाप्याहून दोन कोसांवर, कन्हान नदीच्या अलीकडच्या काठाला पन्नासेक घरांचं गाव. पण एका नाल्याचीच चार नावं. बर्डीवरून, म्हणजे टेकडीवरून, उतरताना तो 'झिरा', आमच्या वावराला लागून जाताना 'खोरं', मसणवटीपाशी त्याचं जे नाव होतं ते बायका तोंडानं उच्चारत नसत, आणि नदीला मिळता मिळता तो 'म्हातारीचा नाला' व्हायचा, कारण कधीकाळी तिथे एका म्हातारीची शेळी वाहून गेली होती. वाहून गेली शेळी आणि नाव राहिलं म्हातारीचं, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वावरांचंही तसंच. 'बारा आंब्याचं' नावाच्या वावरात आंबे तीन होते. एका वावराचं नाव 'रुसलेलं' होतं, कारण दोघा भावांच्या वाटणीत ते दोघांनीही नको म्हटलं होतं. ही नावं कुठे लिहिलेली नव्हती. पटवाऱ्याच्या कापडी नकाशात प्रत्येक तुकड्याला नुसता नंबर होता आणि आपल्या वावराचा नंबर गावात एकालाही पाठ नव्हता.

म्हणून सरकारचा माणूस गावाचा नकाशा काढायला आला आणि पहिल्याच सकाळी त्यानं नाल्याकडे बोट दाखवून 'इसका नाम क्या है?' असं विचारलं, तेव्हा गावाला मनापासून आनंद झाला. असा प्रश्न आजवर कुणी विचारलाच नव्हता. पाचजण पुढे सरसावले आणि पाचांनी चार नावं सांगितली. मुन्शीजींनी, म्हणजे त्या सरकारी माणसानं, टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "भाई, नाला एक है कि चार?" यावर गावात जो वाद लागला तो मुन्शीजी जेवून उठले तरी संपला नव्हता.

मुन्शीजी जबलपूरकडचे कायस्थ. बारीक अंगाचे, पांढऱ्या मिशांचे, आणि कानामागे कायम पेन्सिल. त्यांची राहुटी आमच्या आमराईत लागली. दिवाळी होऊन गेली होती, कापूस वेचायला आला होता. त्यांच्यासोबत तीन पायांचं एक मेज होतं. मेजावर सपाट पाटी, पाटीवर डकवलेला पांढराशुभ्र कागद, आणि कागदावर ठेवायला एक पितळेची पट्टी. तिच्या दोन्ही टोकांना उभ्या फटी, त्यांतून लांबचा डोंगर पाहायचा आणि पट्टीच्या कडेनं रेघ ओढायची. हे मेज डोक्यावर वाहायचं आणि जमिनीवर डुगडुगणार नाही असं मांडायचं काम बुधराम नावाच्या खलाशाकडे, म्हणजे मोजणीच्या हरकाम्या गड्याकडे होतं. बुधराम छिंदवाड्याच्या बाजूचा, चाळिशीचा, कमालीचा बोलका. मेजाला तो 'नवरी' म्हणायचा. "नवरी उन्हात उभी हाय, छत्री धरा गा कोनी," असं तो ओरडला की गावची पोरं छत्रीसाठी भांडायची.

मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. खाप्याच्या शाळेत सातवी पास होऊन घरी बसलो होतो. घरी बसलो म्हणजे वावरात राबत होतो, पण बाबांच्या लेखी ते बसणंच होतं. "सातवी शिकून पोट्टा आमच्यासारखाच ढोरामागं फिरून राहिला, मंग सातवी काहून शिकवली?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. माझी आई मी लहान असतानाच गेली होती. मला वाढवलं मोठीमायनं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाच्या बायकोनं. घर तिच्या आवाजावर चालत असे. मुन्शीजींना नावं सांगायला आणि ती देवनागरीत लिहून द्यायला कुणीतरी हवं होतं. मोठीमायनं सपरीतूनच, म्हणजे ओसरीवरूनच, हाक दिली, "आमच्या नामाले न्या. अक्षर चांगलं हाय त्याचं. कामाले नाही चांगला, पन अक्षर चांगलं हाय."

त्या हिवाळ्यात मी मुन्शीजींच्या मागे जितका हिंडलो तितका सबंध आयुष्यात हिंडलो नसेन. सकाळी धुकं फाटलं की निघायचं. फडक्यात ज्वारीच्या भाकरी, लाल मिरचीचा ठेचा, कधी उकडलेल्या तुरीच्या शेंगा. दुपारी कुणाच्या तरी वावरात हुरडा भाजलेला असायचाच, आणि सरकारी माणसाला हुरडा दिला की आपलं वावर कागदावर थोडं मोठं निघेल अशी काहींची समजूत होती. मुन्शीजी ती समजूत खोडून काढत नसत. संध्याकाळी परतल्यावर मोठीमाय त्यांना आमच्या सपरीत वाढायची. पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, झणझणीत रस्सा त्यांना इतका आवडायचा की नाकाडोळ्यांतून पाणी गाळत ते तिसऱ्यांदा वाटी पुढे करायचे. "इत्तं झोंबते तं खाता काहून?" मोठीमाय विचारायची. "रो रहा हूँ, माताजी, कि कल यह नहीं मिलेगा," ते म्हणायचे. मग दुसऱ्या दिवशीही ती पाटोडीच करायची.

मला त्यांनी अक्षरं घोटायला शिकवलं. नदीचं नाव तिरपं लिहायचं आणि गावाचं सरळ. अक्षर असं हवं की मुंगी त्यावरून चालली तर तिला ठेच लागू नये. नागपुरात नकाशे उतरवण्याच्या एका कचेरीत त्यांच्या ओळखीचा माणूस होता. हंगाम संपला की माझ्यासाठी त्याला चिठ्ठी देईन, असं ते म्हणाले होते. बाबांनी हे ऐकलं त्या दिवसापासून मला ढोरांमागे पाठवणं बंद केलं.

आता या सगळ्यावर मी काय बोळा फिरवला ते सांगतो. आमच्या घरात ही गोष्ट माझी पोरं लहानपणापासून ऐकत आली आहेत. ती हसण्याची गोष्ट म्हणूनच मी सांगत आलो. आज सगळी लिहितो.

गावच्या उत्तरेला घारबर्डी. माथ्यावर लांबट, सपाट, गोट्यांनी भरलेली. तिच्या पूर्वेच्या टोकाला जमिनीत एक खूण कोरलेला दगड होता. जुन्या मोजणीवाल्यांनी तो घालून ठेवलेला. त्या दगडावर मुन्शीजींनी गोट्यांची रास रचून उंच वेळू उभा केला आणि त्याला पांढरं कापड बांधलं. नदीपलीकडच्या टेकडीवर असाच दुसरा झेंडा होता, आणि तिसरी खूण म्हणून खाप्याच्या देवळाचा कळस. मेज कुठेही मांडा, या तिन्हींकडे पट्टी लावून तीन रेघा ओढा. जिथे तिन्ही एकमेकींना कापतील त्या बिंदूवर तुम्ही उभे. मला यात जादू वाटायची.

संक्रांतीनंतर आमच्याकडे शंकरपट असे, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. त्या वर्षी पटाची व्यवस्था आम्हा तरण्यांकडे होती आणि माझी स्वतःची जोडी, लाखा आणि माकडा, पळणार होती. पटाच्या शेवटी निशाण लागतं, उंच आणि लांबून दिसेल असं, कारण हाकणाऱ्याची नजर त्याच्यावरच असते. आमचा जुना वेळू पाहिला तर उधईनं, म्हणजे वाळवीनं, पोकळ केलेला. मुन्शीजी तीन दिवस नदीपलीकडे कामाला गेले होते. मी सकाळी बर्डीवर चढलो, झेंडा उपटला आणि खांद्यावर टाकून घेऊन आलो. चोरी केली असं मनात एकदाही आलं नाही. सरकारचा झेंडा एक दिवस गावाच्या कामी आला, एवढंच वाटलं. पटात लाखा निम्म्यातच उजवीकडे वळून तुरीच्या वावरात शिरला आणि आम्ही हरलो.

दुसऱ्या दिवशी झेंडा परत लावायला गेलो तर रास ढासळून गोटे सगळीकडे पांगले होते, आणि पश्चिमेच्या टोकाला दोन खडकांमध्ये अशी सुरेख फट होती की वेळू त्यात नुसता सोडला तरी सरळ उभा राहावा. शिवाय तिथून तो आमच्या खळ्यावरून दिसला असता. मी तिथे लावला. दोनशे पावलांचा फरक. झेंडा बर्डीवर होता, बर्डीवरच राहिला. आमच्या गावातल्या कुठल्याही माणसाला विचारलं असतं तरी त्यानं हेच सांगितलं असतं. 'बारा आंब्याच्या' वावरात तीन आंबे चालतात तिथे दोनशे पावलांचं काय घेऊन बसलात.

मुन्शीजी परतले. आमच्या विहिरीजवळ मेज मांडलं, तीन रेघा ओढल्या आणि कागदावर वाकूनच राहिले. रेघा मिळेनात. एका बिंदूऐवजी मध्ये एक त्रिकोण उरला होता, तिळाएवढा. त्यांनी रबर घेतलं, पुसलं, पुन्हा ओढल्या. पुन्हा तीळ. खळ्यावर जाऊन पाहिलं, मारुतीच्या पारावर जाऊन पाहिलं. सगळीकडे तीळ. दुसऱ्या दिवशी त्यांनी मूळ कागद खराब होऊ नये म्हणून गावापुरता वेगळा कच्चा कागद पाटीवर डकवला आणि त्यावर सुरुवात केली. मला म्हणाले, "नामदेव, जाकर देख आ, झंडा खड़ा है न?" मी बर्डीच्या पायथ्यापर्यंत गेलो, वर पाहिलं आणि येऊन सांगितलं, "बर्डीवरच हाय जी. सरळ उभा हाय."

तेव्हा मला खरंच कळलेलं नव्हतं, एवढं माझ्या बाजूनं सांगू द्या. पण त्याच दुपारी भाकर खाता खाता मुन्शीजी मला तो त्रिकोण समजावू लागले. "तीन दोस्त हैं, बेटा. एक झूठ बोल रहा है. कौन, यह काग़ज़ नहीं बताता. और यह तिल, इसे छोटा मत समझ. ज़मीन पर डेढ़-दो सौ क़दम है." डेढ़-दो सौ क़दम. मी पावलं मोजली होती ना.

पुढचे चार दिवस मी गप्प राहिलो. ते चार दिवस मला आजही तासातासानं आठवतात. मुन्शीजींचा साहेब आठ दिवसांत काम तपासायला यायचा होता. तो येऊन असंच मेज मांडतो, रेघा ओढतो, आणि तीळ निघाला तर सगळा कागद रद्द. आणि दोन वर्षांपूर्वी एकदा मुन्शीजींचा कागद रद्द झालेला होता. दुसऱ्यांदा झाला तर या वयात त्यांना पुन्हा मोजणीची साखळी ओढायच्या कामावर धाडतील, हे बुधरामनं मला सांगितलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. आणि हेही माहीत होतं की मी तोंड उघडलं तर नागपूरची चिठ्ठी मिळायची नाही, आणि बाबा पुन्हा ढोरांमागे पाठवतील. मी रोज सकाळी ठरवायचो की आज सांगू, आणि दिवसभर छत्री धरून उभा राहायचो.

चौथ्या दिवशी मुन्शीजींनी बुधरामला दोष दिला. मेज नीट मांडत नाहीस, एक पाय खचतो, म्हणून रेघा सरकतात. बुधराम आधी हसला. "नवरी नाही हालली जी. मी हालीन, ते नाही हालत." मुन्शीजींचा आवाज चढला. चार दिवसांचा थकवा त्या आवाजात होता. बुधरामनं डोक्याची चुंबळ सोडली, घडी घालून मेजावर ठेवली आणि आपलं गाठोडं उचलून खाप्याच्या वाटेला लागला. जाताना तो माझ्यासमोरून गेला. "काय गा, तू तं पायलं ना, म्या कसं मांडलं तं?" एवढंच विचारलं. मी पाहिलं होतं. रोज पाहत होतो. मी जमिनीकडे पाहिलं आणि काहीच बोललो नाही.

त्या दिवशी मुन्शीजींनी पाटोडी परत केली. मोठीमायच्या राज्यात ही साधी गोष्ट नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फर्मान काढलं की मेजाला नजर लागली आहे. "साऱ्या गावानं डोळे लावले त्या पाटीवर. लागनार नाही तं काय होईन?" मेज आमच्या आंगणात आणवलं. मुन्शीजी विरोध करायच्या पलीकडे गेले होते. डोक्याला हात लावून सपरीत बसून राहिले. मोठीमायनं मुठीत मीठ-मिरच्या घेऊन मेजावरून सात वेळा ओवाळल्या, तिन्ही पायांना लावल्या आणि चुलीत टाकल्या. आमच्याकडे असं मानतात की नजर असली तर मिरच्यांचा खकाणा येत नाही. तो असा आला की आम्ही सगळे खोकत खोकत आंगणाच्या पार गेलो. बाबा शिंकायला लागले, मुन्शीजींची टोपी पडली, शेजारचं कुत्रं पळालं.

मोठीमायनं पदरानं डोळे पुसले आणि विचार करून म्हणाली, "नजर नाही वं बाई. इत्ता खकाणा आला, नजर नाही." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं ते मला तिनं पुढे कधी सांगितलं नाही. "नजर नाही लागली तं मंग कोनाचा तरी हात लागला असन."

माझ्या डोळ्यांतून आधीच पाणी येत होतं, त्यामुळे रडायला वेगळी सुरुवात करावी लागली नाही. मी मुन्शीजींपुढे जाऊन बसलो आणि सगळं सांगितलं. शंकरपट, उधई, ढासळलेली रास, खडकातली फट. पायथ्यावरून पाहून आलो तेही. कळून चार दिवस गप्प होतो तेही.

मुन्शीजींनी पडलेली टोपी उचलून डोक्यावर घातली. मग उठून चालू लागले, आणि मी त्यांच्यामागे. बर्डीवर पोचलो. फटीतला वेळू मला काढायला लावला, खांद्यावर घ्यायला लावला आणि म्हणाले, "गिन." मी मोठ्यानं पावलं मोजत पूर्वेच्या टोकाला गेलो. दोनशे सहा. खुणेच्या दगडावर आम्ही दोघांनी मिळून रास रचली. वेळू उभा राहिल्यावर मुन्शीजी एका गोट्यावर बसले, मिशीवरून हात फिरवला आणि विचारलं, "जीता कौन?"

"समोरच्या गावची जोडी, जी."

"और तेरी?"

"तुरीत शिरली."

ते इतके हसले की खोकल्याची उबळ आली. खकाण्याचीच उरलेली असेल. मग हसू थांबलं आणि म्हणाले, "मैं अपना झंडा ख़ुद देखने नहीं चढ़ा. वह मेरी ग़लती. बुधराम को लेकर आ. वह तेरी."

मी धावतच खाप्याला गेलो. बुधराम कोष्टीपुऱ्यात ओळखीच्या एका विणकराच्या दारात बसून त्याच्याशी गप्पा ठोकत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आतला माग थांबला. बुधरामनं ऐकून घेतलं आणि विणकराकडे वळून म्हणाला, "पाय गा. मी म्हनत होतो ना, नवरी हालली नाही म्हनून." मग मला म्हणाला, "येतो मी. पन उद्यापासून नवरी तुह्या डोक्यावर. साहेब येऊन जायेपर्यंत." आणि परतीच्या वाटेवर, बराच वेळ इकडचंतिकडचं बोलल्यावर, सहज बोलावं तसं म्हणाला, "झेंडा नेला त्याचं काही नाही. मी इचारलं तवा तरी बोलाले पायजे होतं तू."

मेज वाहून माझी मान आठ दिवस वाकडी राहिली आणि गावाला करमणूक झाली. मोठीमाय दारातून विचारायची, "कोनाची वरात हाय वं?" साहेब घोड्यावरून आला, विहिरीपाशी मेज मांडायला लावलं. मांडलं बुधरामनं. तीन रेघा ओढल्या आणि त्या सुईच्या टोकावर मिळाल्या. मुन्शीजींनी माझ्याकडे पाहिलंही नाही, पण त्या संध्याकाळी त्यांनी पाटोडीची वाटी चार वेळा पुढे केली.

चिठ्ठी मला मिळाली. मी मागितली नव्हती. राहुटी उतरवताना मुन्शीजींनी चिठ्ठीसोबत तो कच्चा कागदही गुंडाळून दिला. "पीछे कोरा है. अक्षर घोटना." मी त्याच्या पाठीवर महिनाभर अक्षरं घोटली आणि त्या अक्षरांवर नागपूरला नोकरीला लागलो. आता पन्नाशी उलटली. नागपूरच्या सदर भागातल्या त्या कचेरीत किती गावांचे नकाशे माझ्या हाताखालून गेले, मोजदाद नाही. छापील नकाशात आमचं बेलडोह आहे: काही काळे ठिपके, नाल्याला एकच नाव, म्हातारीचं, आणि घारबर्डीच्या पूर्वेच्या टोकाला खुणेचा छोटासा त्रिकोण. त्यात कुठे काही चूक नाही. बुधराम पुढच्या हंगामात दुसऱ्या तुकडीबरोबर बस्तरकडे गेला आणि मला पुन्हा भेटला नाही.

मागच्या महिन्यात पेटी आवरताना माझ्या धाकट्या मुलीला तो कच्चा कागद सापडला. पाठीवरची माझी अक्षरं पाहून ती हसली, मग उलटा करून तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला. "बाबा, इथं कागद झिजला काहून? पलीकडचं दिसून राहिलं." मी पाहिलं. चार दिवस एकाच जागी रबर फिरून कागद तिथे कांद्याच्या पापुद्र्यासारखा झाला होता. तिनं विचारलं, "इथं कोन्तं गाव हाय?"

"आपलं," मी म्हटलं.

"ते झेंड्याची गोष्ट? सांगा ना. लाखा तुरीत शिरला ते सांगा."

मी तिला शेजारी बसवलं आणि सांगायला लागलो. आजवर ही गोष्ट मी शंकरपटापासून सुरू करत आलो होतो. त्या दिवशी बुधरामपासून सुरू केली.